फार्मर्स लीग नेमकी कोणाची?

युरोपातला हंगाम सुरू झाला की संभाजीनगर, परभणी, लातूरच्या फुटबॉलवेड्या पोरांच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्यातले दावे असे: इंग्लंडची प्रीमियर लीग ही जगातली सगळ्यात चुरशीची लीग, बाकी ठिकाणी एकच संघ जिंकतो, त्या ‘फार्मर्स लीग’, लेस्टरसारखा छोटा क्लब चॅम्पियन होण्याची कमाल फक्त इंग्लंडमध्येच होते, तिथं तळाचा संघसुद्धा कोणालाही हरवतो, इंग्लिश क्लब युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धांत गाजतात हाच त्याचा पुरावा, आणि शेवटी, आपल्या आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं, तर नावच काढू नका.

‘फार्मर्स लीग’ म्हणजे दिवसभर शेतात राबून संध्याकाळी बॉल खेळणाऱ्यांची लीग, असा टोमणा. औशाकडं बाप सोयाबीन काढतोय आणि लेक लातूरच्या होस्टेलातून पॅरिसच्या क्लबाला शेतकरी म्हणून हिणवतोय, याची मला गंमत वाटते. असो.

एकच संघ जिंकतो हे कितपत खरं, ते यादीच काढून बघू. प्रीमियर लीग १९९२-९३ला सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५पर्यंतच्या ३३ हंगामांत तिथं सात क्लब चॅम्पियन झाले: मँचेस्टर युनायटेड, ब्लॅकबर्न, आर्सेनल, चेल्सी, मँचेस्टर सिटी, लेस्टर, लिव्हरपूल. त्याच ३३ हंगामांत जर्मनीत ब्रेमेन, बायर्न, डॉर्टमुंड, कैझर्सलाउटर्न, स्टुटगार्ट, वोल्फ्सबर्ग, लेव्हरकुसेन. मोजा, हेही सातच. आणि ज्या फ्रान्सवरून हा टोमणा निघाला, तिथं दहा: पॅरिस, नांत, ओसेर, मोनाको, लाँस, बोर्दो, लियाँ, मार्से, लील, माँपेलिए. त्यात १९९३चं मार्सेचं विजेतेपद सामना फिक्स केल्याच्या प्रकरणात गेलं, ते मी धरलेलंच नाही.

यावर लगेच उत्तर येणार, की सात असले तरी बायर्ननं एकट्यानं २२ विजेतेपदं नेली. नेलीच. २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा एकच क्लब, याला चुरस म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. २०११ला कतारचा पैसा आल्यापासून पॅरिसचंही जवळपास तेच चाललंय. पण मग मँचेस्टर या एका शहरातल्या दोन क्लबांनी मिळून ३३पैकी २१ नेली, त्याचं काय करायचं? २०१८ ते २०२४ या सात हंगामांत सहा वेळा सिटी, त्यातही शेवटची चार सलग. इंग्लंडमध्ये लीग १८८८पासून आहे. सलग चार त्याआधी कोणालाच जमली नव्हती. पॅरिसनं जिंकलं की समोरचे शेतकरी, सिटीनं जिंकलं की त्यांचा कोच पेप गार्डिओलाची अक्कलहुशारी!

आता लेस्टर. २०१५-१६ची ती गोष्ट खरीच अचाट आहे, सट्टेवाल्यांनी ५०००ला १ असा भाव दिला होता. पण ‘फक्त इंग्लंडमध्ये’ हे कोणी सांगितलं? कैझर्सलाउटर्न दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि वर आल्या आल्या, १९९७-९८लाच, जर्मनीचा चॅम्पियन झाला. लेस्टरला वर येऊन निदान एक हंगाम झाला होता. पॅरिसकडं नवा पैसा आलेला असताना २०१२ला माँपेलिएनं त्यांच्या नाकासमोरून विजेतेपद उचललं. हे इकडं कोणाला आठवत नाही, त्याला कारण आहे. इंग्लंडचे शनिवारचे सामने आपल्याकडं संध्याकाळी नाहीतर जेवणाच्या वेळी लागतात. स्पेन-इटलीतले मोठे सामने बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर. सकाळी लवकर क्लास असलेलं पोरगं कोणते बघणार?

तळाचा संघ कोणालाही हरवतो, हा दावा तर लागोपाठच्या दोन हंगामांनी पार उघडा पाडला. २०२३-२४ला दुसऱ्या श्रेणीतून वर आलेले तिन्ही संघ, ल्यूटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, त्याच हंगामात परत खाली गेले. पुढच्या हंगामात लेस्टर, इप्सविच, साउथहॅम्प्टन, तिघांचीही तीच गत. साउथहॅम्प्टनचे ३८ सामन्यांत १२ गुण. त्यांचं खाली जाणं सात सामने शिल्लक असतानाच पक्कं झालं, प्रीमियर लीगमध्ये इतक्या लवकर कोणीच गेलं नव्हतं. त्याच एप्रिलमध्ये लिव्हरपूलनं चार सामने राखून विजेतेपद घेतलं. म्हणजे २०२५च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये चॅम्पियनही ठरलेला आणि खाली जाणारेही ठरलेले. इटलीत मात्र नापोली आणि इंटर शेवटच्या सामन्यापर्यंत भिडले. ८२ विरुद्ध ८१, एका गुणानं नापोली.

२०२३-२४ला इतरत्र काय चाललं होतं? जर्मनीत पहिल्यांदाच वर आलेला हायडेनहाइम आठवा. आदल्या हंगामात खाली जाता जाता वाचलेला स्टुटगार्ट दुसरा, बायर्नच्याही वर. स्पेनमध्ये जिरोना तिसरा, फ्रान्समध्ये ब्रेस्त तिसरा.

चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग अशा युरोपभरच्या स्पर्धांतल्या कामगिरीचा मुद्दा वेगळा आहे, आणि सगळा घोळ तिथंच होतो. २०२५च्या युरोपा लीगच्या फायनलला टॉटनहॅम आणि मँचेस्टर युनायटेड होते, आपल्या लीगमध्ये अनुक्रमे सतरावे आणि पंधरावे. यावरून इंग्लंडचे खालचे क्लबही किती दमदार आणि पैसेवाले आहेत ते कळतं. ते मान्यच. लातूरच्या एखाद्या क्लासमधला शंभरावा पोरगाही मेडिकलला लागत असेल तर क्लास भारीच; पण पहिला नंबर दरवर्षी त्याच दोन-तीन घरांत जात असेल तर पहिल्या नंबरासाठी चुरस आहे असं कोणी म्हणणार नाही. शिवाय त्याच वर्षी ‘शेतकरी’ पॅरिसनं चॅम्पियन्स लीगमध्ये सिटीला ४-२नं हरवलं, मग लिव्हरपूल, अॅस्टन व्हिला आणि आर्सेनल यांना ओळीनं बाहेर काढलं, आणि फायनलला इंटरवर पाच गोल चढवले.

प्रीमियर लीगचं एक मात्र खरंच वाखाणण्यासारखं आहे. टीव्हीच्या पैशाची वाटणी तिथं बरीच समान असते. पहिल्याला शेवटच्यापेक्षा जास्तीत जास्त १.८ पट, एवढीच मर्यादा. स्पेनमध्ये २०१५च्या कायद्यापर्यंत रियल आणि बार्सिलोना आपापले हक्क स्वतंत्र विकून बाकीच्यांना मागं टाकत होते. त्या मजकुरात हा मुद्दा असता तर मी गप्प बसलो असतो.

राहिली आयएसएल. २०१४पासून २०२४-२५पर्यंतच्या अकरा हंगामांत ट्रॉफी कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, मुंबई आणि हैदराबाद अशा पाच शहरांत गेली. विजेते नुसते मोजायचे तर ही लीग सिटीच्या काळातल्या इंग्लंडपेक्षा चुरशीची निघेल! पण एवढ्यावर मी तिला डोक्यावर घेणार नाही, कारण या अकरा हंगामांत शेवटच्या नंबरावर आला म्हणून एकही क्लब खाली गेला नाही. आणि आपला लेस्टर म्हणाल तर तो आयएसएलमध्ये नव्हताच. मिझोरामचा ऐझॉल आदल्या हंगामात आय-लीग या आयएसएलच्या आधीपासूनच्या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरला होता, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं, आणि २०१६-१७ला तो थेट चॅम्पियन झाला. त्याच वर्षी आयएसएलनं दोन नवे संघ घेतले, बंगळुरू आणि जमशेदपूर. ऐझॉल बाहेरच राहिला.