परीक्षेची फी सोडून बाकीचा खर्च

आमच्या घरात कोणताही मोठा खर्च आधी माझ्या डायरीत होतो, मग बाजारात. उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. तिथं खडूच्या डब्याचाही हिशेब ठेवावा लागे, ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. डायरी वणीतल्या कृषी केंद्रातून दरवर्षी फुकट मिळते. पानापानाच्या तळाशी फवारणीच्या औषधाची जाहिरात असते. त्यामुळे ‘मुलीची परीक्षा : अंदाजपत्रक’ हे पान माझ्या आकड्यांनी सुरू होतं आणि ‘गुलाबी बोंडअळीचा समूळ नायनाट’ इथं संपतं.

मुलगी किर्गिझस्तानातून एमबीबीएस करून आली. बाहेर शिकलेल्याला इथं डॉक्टरकी करायची तर एफएमजीई नावाची परीक्षा पास व्हावी लागते. २००२ पासून हा नियम आहे. ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की पास, आणि चुकलेल्याला गुण कापत नाहीत. हे ऐकून शेजारचे काकाजी म्हणाले, “मंग टेन्शन कायचं मास्तर? चार पर्यायांतला एक तं आमची बकरीबी बरोबर दाखवीन!” मी गणित शिकवलेला माणूस. हिशेब केला तर बकरीला ७५ पडतात. उरलेल्या ७५ साठीच सगळा खर्च आहे. आणि बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त मुलं दर वेळी नापास होतात, हे मी काकाजींना सांगितलं नाही. त्यांनी ते चौकात नेलं असतं.

फीचं म्हणाल तर ती बिचारी सरळ आहे. ५,२५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५, एकूण ६,१९५. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे एक क्विंटल विकला की फी भागते आणि वर गाडीभाडंही निघतं. हमीभावानं विकला गेला तर. हा ‘तर’ मी डायरीत लाल शाईनं लिहिला आहे.

या परीक्षेचं वेळापत्रक ज्यानं आखलं त्याच्या घरी शेती नसावी. जूनच्या सत्राचे फॉर्म निघतात एप्रिल-मे महिन्यात, म्हणजे बियाणं-खतासाठी पैसे जमवायच्या दिवसांत. परीक्षा होते जून-जुलैत, तेव्हा घरातला सगळा पैसा जमिनीखाली गेलेला असतो, आणि तो वर येणार की नाही हे पाऊस ठरवतो. डिसेंबरच्या सत्राची परीक्षा जानेवारीत होते. ते त्यातल्या त्यात बरं, कापूस घरात आलेला असतो. पण तो घरातच असतो, कारण आम्ही भाव चढायची वाट पाहत असतो. तिकडं वेचणीच्या बायांना बाजाराच्या दिवशी मजुरी रोख लागते. त्यांना एफएमजीईचं कारण सांगून चालत नाही.

फॉर्म भरायला मुलीला घेऊन तालुक्याला गेलो. फोटो पांढऱ्या पडद्यावरच हवा. फोटोवाल्याकडे पडदे होते तीन : गुलाबी, निळा आणि ताजमहाल. शेवटी त्यानं दुकानामागच्या दोरीवरून आपलं धोतर आणलं, दोन खिळ्यांना ताणून बांधलं आणि म्हणाला, “हालू नका ताई, काठ दिसते.” फोटो झकास आला. मग ऑनलाइन सेंटरवाला म्हणाला, फोटो जड आहे, हलका करावा लागेल. हलका करायचे वेगळे, सहीचे वेगळे, अंगठ्याचे वेगळे. मी तक्रार केली तर म्हणाला, “मास्तर, तुमीच शिकवलं न आमाले, प्रत्येक पायरी दाखवा म्हणून!” माझा विद्यार्थी निघाला. दहा रुपये सूट मिळाली आणि चहा मी पाजला.

कागदपत्रांची गोष्ट लांबण आहे, थोडक्यात सांगतो. तिकडची डिग्री खरी आहे यावर अपोस्टील नावाचा शिक्का लागतो, किंवा आपल्या वकिलातीची साक्ष. कुरियर, नोटरी, झेरॉक्स. झेरॉक्सच्या बाबतीत बायकोचं मत, एवढ्या कागदात आपल्या गोठ्याचं छप्पर झालं असतं.

खरा खड्डा पडला अभ्यासाच्या सदरात. दिल्लीला राहून क्लास करायचा तर राहणं, जेवण आणि फी मिळून जो आकडा आला, तो मावेना म्हणून मी डायरी आडवी धरली. मग ठरलं, घरीच मोबाइलवर क्लास. स्वस्त काम! पण आमच्याकडे रेंज येते गच्चीवर, तीही पाण्याच्या टाकीच्या बाजूनं. मुलगी भर उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन पॅथॉलॉजी ऐकत बसे, म्हणून वर टिनाचं छप्पर घातलं. वारा सुटला की लाइन जाते, म्हणून इन्व्हर्टर आणला. गावात लाइन गेल्यावर आमच्या घरात पंखा फिरतो ही बातमी लपत नाही. संध्याकाळपर्यंत बोर्डाला एवढे मोबाइल लटकले की कोणता कोणाचा हे ठरवायला बायकोनं त्यांना धागे बांधले. इन्व्हर्टर मी ‘शैक्षणिक साहित्य’ या सदरात टाकला आहे. फायदा अख्ख्या आळीनं घेतला.

आणि चहा! पोरगी डॉक्टर होऊन आली म्हटल्यावर लोक गुडघे, कंबर, सासू असं सगळं घेऊन यायला लागले. नोंदणी झाल्याशिवाय तिला गोळी लिहून देता येत नाही. ती प्रत्येकाला हात जोडून सांगायची, “मामाजी, सरकारी दवाखान्यात दाखवा.” मामाजी निराश व्हायचे. निराश माणसाला तसंच कसं पाठवणार? बायको चहा ठेवायची. महिन्याचा दुधाचा हिशेब पाहिला तेव्हा कळलं, फुकट न तपासणंसुद्धा फार महाग पडतं.

परीक्षेचं केंद्र नागपूर काही मिळालं नाही; मिळालं हैदराबाद. बल्लारशाहून रेल्वे. मुलगी म्हणाली, “मी एकटी जातो बाबा, बिश्केकला एकटीच राहिली न?” तिची आई म्हणाली, “थे परदेश होतं. हे हैदराबाद हाय.” या युक्तिवादापुढं मी तिकिटं काढली. निघायच्या आदल्या दिवशी मुलीनं नियम वाचून दाखवला, अंगावर दागिना चालत नाही, नाकातला खडासुद्धा नाही. तो खडा तिच्या बारावीपासून निघालेला नव्हता. सोनाराकडे गेलो. त्यानं भिंग लावलं, तेलाचा थेंब सोडला, बारीक चिमट्यानं फिरकी फिरवू लागला. मुलगी आरडतच होती, तरी दुसरीकडं नाकाचा कोणता भाग दुखतो ते त्याला लॅटिनमध्ये सांगत होती. खडा निघाला. सोनार पैसे घेईना. म्हणाला, “फक्त हे मान काऊन आखडते तेवढं सांगा बाई.”

परीक्षा झाली. सकाळी १५० प्रश्न, दुपारी १५०. आम्ही दोघं बाहेर डबा धरून उभे. यथावकाश निकाल लागला, पोरगी पास! पेढ्यांची नोंद मी केलेली नाही. काही गोष्टी माणसानं स्वतःपासून लपवाव्यात.

पेढे संपत आले तेव्हा मुलगी म्हणाली, पास झाल्याचं सर्टिफिकेट पोस्टानं येत नाही. कागदपत्रं घेऊन स्वतः जावं लागतं, दिल्लीत द्वारकेला. त्यानंतर मुंबईच्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि वर्षाची इंटर्नशिप. मी डायरीचं नवीन पान उघडलं आणि आकडे मांडू लागलो. आमची आई बाजेवर पडून ऐकत होती. तिच्या कानावर पडलं ते एवढंच, की पोरीचं काम झालं आणि आता सगळे द्वारकेला चालले.

मी समजावेपर्यंत बातमी विठ्ठलाच्या देवळात पोचली होती. संध्याकाळी भजनातल्या बाया आल्या. कोणी दहा, कोणी वीस, एकीनं पन्नास, देवापुढं ठेवायला. एका आजीनं नारळही दिला आणि बजावून सांगितलं, “समुद्रात टाकजो, तिकडं ठेवून येऊ नको.”

एकूण २१० रुपये आणि नारळ. या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला पहिल्यांदाच काही आलं आहे, आणि ते परत करायला बायको तयार नाही. म्हणते, “राहू द्या जी, दिल्लीत कोठी तरी कृष्णाचं देऊळ असनच.” तिचं, आईचं आणि मुलीच्या मामाचं तिकीट वेटिंगवर आहे.