दिवा उजेडासाठी नसतो

घराला रंग दिला आणि तिथूनच सगळं बिघडलं. रंग चांगला लागला, हीच अडचण झाली. अशा भिंतीवर आपली ट्यूबलाइट म्हणजे पैठणीवर रबरी चपला, असं बायकोचं मत पडलं. तिथे आता 'विंटेज' वॉल लाइट हवेत.

"विंटेज म्हणजे?"

"जुन्यासारखं दिसणारं."

"मग ट्यूब जुनीच आहे की. २००४ची."

या वाक्यानंतर मला रविवार मोकळा ठेवायला सांगण्यात आलं.

पुण्यात रविवार आणि बुधवार हे जुन्या बाजाराचे दिवस. गंजलेले पाने, एकट्या पडलेल्या कपबश्या आणि काटे हरवलेली घड्याळं ओलांडत आम्ही एका दिव्यापाशी पोचलो. बाकदार दांडी, वर फुलासारखी काच. "इंग्रजांच्या वेळचा आहे, अस्सल पितळ," विक्रेता म्हणाला. आता पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, एवढं विज्ञान माझ्याकडे शाळेपासून शिल्लक आहे. त्यासाठी मी फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खिशात घालूनच आलो होतो. ती दांडीजवळ नेली. स्ट्रॉबेरी हातातून सुटली आणि टक्कन जाऊन बसली.

"आतला स्क्रू लोखंडी आहे," तो शांतपणे म्हणाला. स्ट्रॉबेरी खालून वर फिरवली. स्क्रू चांगला फूटभर लांब निघाला. बायको मात्र माझ्याकडेच रागाने बघत होती. माणसाने चारचौघांत स्ट्रॉबेरी काढू नये, असं तिचं म्हणणं.

सोमवारी तपकीर गल्ली. विजेचं सामान घ्यायला पुणेकर जातो ती बुधवार पेठेतली हीच गल्ली. तिथे विंटेज दिवे कोरेकरकरीत मिळतात. काळा रंग मारून कडा मुद्दाम पुसट केलेले, गंजाचे डागसुद्धा कारखान्यातून पडून आलेले. आमच्या गॅलरीच्या ग्रिलला हा गंज सात पावसाळ्यांत फुकट आला होता, आणि तो झाकायला मी नुकतेच रंगाऱ्याला पैसे दिले होते.

मग बल्ब. विंटेज दिव्यात साधा बल्ब घालणं म्हणजे पाप. तिथे लागतो तो 'एडिसन' बल्ब: लांबट, आत पिवळी तार. एडिसनने १८७९मध्ये कोळसा केलेला धागा पेटवला होता. यातली तार मात्र धागाही नाही आणि तारही नाही, बारीक पट्टीवर ओळीने बसवलेले चिमुकले एलईडी आहेत. म्हणजे बल्बसुद्धा वेषांतर करून आलेला. शिवाय त्याला आटे असतात आणि आपल्या घरात सगळे होल्डर दोन पिनांचे. एक बल्ब गेला तर मोरीतला काढून तात्पुरता लावू, ही आपली पिढीजात सोय गेली.

"किती केल्विन देऊ?" दुकानदाराने विचारलं. हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. ६५०० म्हणजे आमच्या ट्यूबचा पांढरा, २७०० म्हणजे जुन्या शंभराच्या बल्बचा आणि २२०० म्हणजे समईच्या शेजारपाजारचा. बायकोने २२०० घेतला. चार वॉटचा. दुकानात तो लावून दाखवला, तेव्हा मी खोक्यावरची किंमत वाचायला वाकलो. दिसेना.

"यात वाचता नाही येणार."

"काका," दुकानदार समजुतीने म्हणाला, "हा उजेडासाठी नसतो."

घरी खोकी उघडली तेव्हा आई बघत बसली होती. माहेर तिचं कऱ्हाडकडचं, ओगलेवाडीच्या जवळ. ओगल्यांच्या कारखान्यातला प्रभाकर कंदील तिच्या लहानपणी घरात होता. काचेत लहान हात जातो म्हणून रोज संध्याकाळी ती पुसायचं काम तिच्याकडे. तिने विंटेज काच हातात घेतली, सवयीने आत बोटं घालून पाहिली आणि म्हणाली, "कितीला?" मी निम्मी किंमत सांगितली. ती तेवढ्यावरच गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं झालं. पालीला ऊब होईल."

मंगळवारी वायरमन आला. भिंतीकडे बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "रंग आधी का दिला?" याला उत्तर नव्हतं. वायर आतून न्यायची तर झिरी मारायची, बाहेरून न्यायची तर प्लास्टिकची पट्टी, आणि पट्टीतून आलेलं विंटेज बायकोला चालणार नव्हतं. म्हणून झिरी. दीड तास कटर चालला. नवा रंग धूळ होऊन सोफ्यावर, देवांवर आणि वरणावर बसला. दिवा किती उंचीवर हवा यावरून भिंतीवर पेन्सिलच्या पाच फुल्या झाल्या. शेवटी सहाव्या ठिकाणी भोक पडलं, कारण पाचव्याच्या मागे बीम निघाला.

संध्याकाळी बटण दाबलं. दोन्ही दिवे लागले. म्हणजे लागले असं बायको म्हणाली. खोलीत मधाच्या रंगाचा अंधार पसरला. झिरीची लांबी दिसेना, सोफ्यावरची धूळ दिसेना. खोटं कशाला बोलू, क्षणभर घर श्रीमंत वाटलं.

"छान दिसतंय ना?" बायकोने वायरमनला विचारलं.

"एक नंबर, ताई," तो म्हणाला. त्याच्या पेटीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडसमोर मी मोबाईल धरला. जवळ नेला, लांब नेला, तिरका केला. स्कॅन होईना.

"काका," वायरमन म्हणाला, "जरा ट्यूब लावता का?"