जळक्या ऑइलच्या मेसेजबद्दल खुलासा

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: भाजी लावायच्या लाकडी खोक्यांना आतून गॅरेजमधलं जळकं ऑइल फासा, पावसाळ्यात लाकूड कुजत नाही आणि भाजीलाही अपाय नाही.

पहिलं थोडंफार खरं. कुंपणाच्या खांबांना लोक ते लावत आलेत. दुसरं चुकीचं. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनच्या झिजेतले धातू आणि कर्करोगकारक हायड्रोकार्बन असतात, ते मातीत उतरतात. 2016 च्या केंद्रीय नियमांतही ते घातक कचऱ्यातच धरलंय.

त्याऐवजी जवसाचं कच्चं तेल लावा, पातळ हात देत. डब्यावर ‘बॉइल्ड’ लिहिलेलं नको. ते लवकर सुकावं म्हणून त्यात बहुधा कोबाल्ट, मँगनीजचे क्षार घालतात. कच्चं तेल सुकायला बरेच दिवस लागतात, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरका. आणि हो, तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. एवढं करूनही खोकं थेट लादीवर ठेवलंत तर तळ कुजणारच. खाली विटा आणि तळाला भोकं हवीतच.

ज्यांनी ऑइल लावलंय त्यांनी त्या खोक्यात शोभेची झाडं लावावीत. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.