वीस लिटरचा कॉम्प्युटर

परवा पार्किंगमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना माझी ओळख करून दिली. "हा होता माझ्या हाताखाली. मुलगा बरा आहे, जरा घाई करतो." विषय माझ्या कॉम्प्युटरचा चालला होता. कॉम्प्युटर माझा, पैसे माझे, वाकून वाकून पाठ गेली ती माझी, आणि काकांनी त्या अख्ख्या रविवारात टॉर्च धरला होता. तोही त्यांना स्वतःला जिथे बघायचं होतं तिथे.

सेक्रेटरी मला म्हणाले, "शिकून घ्या. अशी माणसं आता राहिली नाहीत."

काम एवढंच होतं की जुन्या अवजड कॅबिनेटमधला सगळा ऐवज काढायचा आणि लहान, आवाज न करणाऱ्या नव्या कॅबिनेटमध्ये बसवायचा. जुनं धूड टेबलाखाली गुडघ्याला लागायचं. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की त्याचे पंखे असे सुटायचे की मीटिंगमध्ये लोक विचारायचे, तुमच्याकडे पाऊस चालू आहे का.

कॅबिनेट विकत घेणं हाच एक छळ होता. दुकानात जे बघावं त्याला काच आणि आत रंगीबेरंगी दिवे. मी म्हटलं, साधं दाखवा, काळं, जाळीचं, दिवे नसलेलं. दुकानदार म्हणाला, "सर, असं कोणी मागत नाही." मी मागतोय ना! मी कोणीच नाही का? पुढून काच लावायची, हवा यायला कडेला चार फटी ठेवायच्या, मग आतले पंखे जीव तोडून फिरणार आणि त्यांच्या आवाजावर उपाय म्हणून हाच माणूस मला हेडफोन विकणार. वास्तविक शांततेचं गणित अगदी सरळ आहे. मोठा पंखा सावकाश फिरला की तेवढीच हवा कमी आवाजात हलते. ८० मिलिमीटरच्या दोन पंख्यांच्या किंचाळण्यापेक्षा १२० चा एक पंखा रमतगमत फिरलेला बरा. त्याला हवा मात्र मोकळी मिळाली पाहिजे. शेवटी बिनकाचेचं मिळालं, आणि दिवे नसण्याचे पैसे जास्त पडले.

तर रविवारी सकाळी मी हॉलमध्ये चादर पसरली, स्टीलच्या वाट्या मांडल्या, आणि दार लावायचं राहिलं.

काका वीज मंडळातून निवृत्त. आयुष्य सबस्टेशनमध्ये गेलेलं. उघडं यंत्र दिसलं की त्यांचे पाय आपोआप वळतात.

"सीपीयू उघडलास?"

"हो काका. लहान कॅबिनेटमध्ये टाकतोय."

"केवढं आहे हे नवीन?"

इथे मी खरं बोललो आणि अडकलो. लहान कॅबिनेटं लिटरमध्ये मोजतात. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून घनफळ सांगायचं, अशी त्या जगाची रीत आहे. म्हटलं, "वीस लिटर."

काका खाली बसले. "पाणी भरायचंय यात?"

"नाही काका, ते माप आहे."

"पिंपाचं माप आहे ते."

"आकारमान हो. जुनं पन्नास लिटरच्या आसपास होतं."

"मग उरलेले तीस लिटर गेले कुठे?"

"रिकामीच जागा होती ती. नुसती हवा."

"हवाच तर लागते!" काका विजयी झाले. "ट्रान्सफॉर्मरभोवती जागा का सोडतात? गंमत म्हणून? आमच्याकडे असं वीस लिटरमध्ये कोंबलं असतं तर सस्पेंड झालो असतो." मग त्यांनी आतून काकूंना हाक मारून सांगितलं की चहा इकडेच पाठव, इथे थांबावं लागणार आहे.

थांबावं लागणार आहे! कोणी सांगितलं होतं?

त्यानंतर स्क्रू. माहीतगार माणूस पहिल्यांदा स्क्रू वेगळे करतो, कारण त्यांत दोन जाती असतात आणि त्या दिसायला सख्ख्या भावंडांसारख्या. पॉवर सप्लायला आणि मोठ्या हार्ड डिस्कला जाड आट्याचे लागतात, एसएसडीला, म्हणजे नव्या जातीच्या लहान डिस्कला, बारीक आट्याचे एम-थ्री. जाडाच्या जागी बारीक घातला तर तो नुसता फिरत राहतो, आणि उलट केलं तर आटे जातात. मी वाट्यांमध्ये हे सगळं निवडून ठेवलं होतं. हात धुऊन परत आलो तर सगळे स्क्रू एका वाटीत, आणि बाकीच्या वाट्या एकात एक घालून बाजूला.

"एकत्र केले," काका म्हणाले. "हरवतात अशाने."

मी बोललो नाही. चहाही त्याच वेळी आला, म्हणून बोललो नाही.

प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काढताना तर कहरच झाला. दोघांच्या मधली, उष्णता पुढे पोचवणारी थर्मल पेस्ट वर्षानुवर्षं वाळली की ती गोंदाचं काम करते. माझ्या प्रोसेसरच्या पिढीत पिना खुद्द प्रोसेसरला असतात, चांगल्या १३३१. कॉम्प्युटर आधी तापवून घेतला होता, हीटसिंक हलक्या हाताने पिळून उचलला, तरी प्रोसेसर सॉकेटचा खटका लावलेला असताना त्याला चिकटून वर आला. ही ख्याती आहे त्या डिझाइनची. नंतरच्या पिढीत कंपनीने पिना मुकाट मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडले जातात त्या मुख्य पाटीवर, नेल्या. माझा श्वास अडकलेला, नजर पिनांवर, आणि टॉर्चचा झोत मात्र आमच्या शोकेसमधल्या गणपतीवर.

"काका, इकडे, इकडे प्रकाश."

"मूर्ती शाडूची का रे?"

"काका!"

झोत आला. काका वाकले. "हे फेविक्विकने कोणी चिकटवलं?" मग लगेच उपाय, "स्क्रू ड्रायव्हर घाल मधे आणि दे एक झटका." १३३१ पिना, आणि झटका! बायकोचा हेअर ड्रायर आणून पुन्हा ऊब दिली, हळूहळू फिरवून सोडवला. एकही पीन वाकली नाही. परवा पार्किंगमध्ये हा प्रसंग "आम्ही तो गरम करून काढला" असा सांगितला गेला.

मदरबोर्ड मात्र जागेवर अलगद बसला, आणि इथे मला कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. एटीएक्स नावाचं बोर्डांचं हे माप १९९५ सालचं. मायक्रो एटीएक्स ही त्याचीच धाकटी पाती, २४४ मिलिमीटरची चौरस. इतक्या वर्षांनंतरही कोणाच्याही बोर्डाची भोकं कोणाच्याही कॅबिनेटशी जुळतात. आमच्या सोसायटीत एका बिल्डरने एकाच वर्षी लावलेल्या दोन दारांना एक कडी जुळत नाही. वायरींबद्दल मात्र काही चांगलं बोलता येणार नाही. माझ्या पॉवर सप्लायच्या वायरी सुट्या होत नाहीत, लागो न लागो, सगळा जुडगा आत मावायलाच हवा. उशीच्या अभ्र्यात गोधडी कोंबावी तसा कोंबला. काका म्हणाले, "आमच्याकडे असं केबलिंग केलं असतं तर..." "सस्पेंड," मी म्हटलं.

शेवटी पुढच्या बटणाच्या आणि दिव्याच्या चिमुकल्या वायरी. बटणाची वायर कशीही लावली तरी चालते. दिव्याची उलटी लागली तर दिवा फक्त लागत नाही, जळत बिळत काही नाही. हे मी काकांना सांगितलं. काकांनी घरून टेस्टर आणला.

कॉम्प्युटर सुरू झाला. कसलाच आवाज नाही. छताचा पंखा बंद करून ऐकलं, तरी नाही. मला भरून आलं होतं. काकांचा चेहरा पडला.

"झाला का चालू?"

"झाला की."

"आवाज?"

"नाहीच येत."

काकांनी कॅबिनेटला कान लावला. "हे काही बरं नाही. आमच्या ट्रान्सफॉर्मरचा हमिंग यायचा, शंभर हर्ट्झचा. पन्नासची सप्लाय, म्हणून बरोबर दुप्पट. त्या आवाजावरून तब्येत कळायची. आवाज बदलला की आम्ही जेवण टाकून धावायचो. याची तब्येत तू कशी ओळखणार?"

बरोबर सांगत होते, हाच तर राग आहे. माणूस मूर्ख असता तर सोपं होतं.

आणि त्या शांततेने मला काय दिलं? कॉम्प्युटर गप्प झाल्यावर बाकीचं जग ऐकू यायला लागलं. वरच्या मजल्यावर पावसाळ्यापासून फरशी कापतायत. मागच्या गल्लीत रिव्हर्स घेणारी गाडी देशभक्तिपर धून वाजवते. लॉनवरचं लग्न तर रात्री साडेअकरालाही ऐन रंगात असतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वर दर दहा डेसिबलला आवाज आपल्या कानाला साधारण दुप्पट वाटतो. मी टेबलाखालच्या एका पंख्यासाठी रविवार घालवतो आणि लॉनवाला गच्चीएवढे स्पीकर रचतो. तक्रारीचा फोन केला तर पलीकडून विचारतात, तुम्ही कुठून बोलताय, नाव सांगा, पत्ता सांगा. आवाज कोणाचा आहे ते कोणी विचारत नाही.

असो. काल दुपारी मी आंघोळीला गेलो होतो. एक्स्पोर्ट लावलेला, जेमतेम अर्धा झालेला, स्क्रीन झोपलेली. काका पेपर न्यायला आले. बाहेर आलो तर भिंतीवरचं बटण बंद. यूपीएससुद्धा बंद.

"बंद असून उगाच वीज खात होता," काका म्हणाले. "बटण बंद केल्यावर हा डबा ओरडायला लागला, म्हणून त्यालाही बंद केलं."

"काका, चालू होता तो! काम चालू होतं त्यात!"

"आवाज नव्हता."

"नसणारच! त्यासाठीच तर आपण..." "आपण" म्हणालो मी. तोंडातून गेलं.

"मग कळायचं कसं?"

"पुढे दिवा आहे ना."

"पांढरा आहे तो." काकांना माझी कीव आली. "पॅनेलवर लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. पांढऱ्यावरून माणसाने काय समजायचं?"

मी टॉवेलवर उभा. बायको स्वयंपाकघरातून, "पण ते म्हणतायत त्यात तथ्य आहे."

आज संध्याकाळी काका विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीतून एक बझर घेऊन आले आहेत. बारा व्होल्टचा, बारकासा. कॅबिनेटच्या आत लावायचा, म्हणजे कॉम्प्युटर चालू आहे तोवर बारीक वाजत राहील. मी नको म्हटलं तेव्हा ते म्हणाले की कॅबिनेट उघडायला वेळ लागत नाही, स्क्रू सगळे एकाच मापाचे आहेत. चाळीस रुपयांना पडला. निम्मे मी द्यायचे, असं ठरलं आहे.