एसएसडीआय सरसकट करमुक्त नाही

लेख उपयोगी आहे, पण ‘अमेरिकेत अपंगत्वापोटी मिळणाऱ्या पैशांवर कर नसतो’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा. एसएसआयवर (कमी उत्पन्नाच्या अपंग आणि वृद्धांना मिळणारी सरकारी मदत) कर नाही, हे खरं. एसएसडीआयचं (नोकरी करताना भरलेल्या सोशल सिक्युरिटी करातून मिळणारा अपंगत्व विमा) तसं नाही. जोडीदार नोकरी करत असेल तर कर बऱ्याचदा लागतोच.

एसएसडीआयची निम्मी रक्कम आणि घरातलं बाकीचं उत्पन्न यांची बेरीज करायची. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याची ही बेरीज ३२,००० डॉलरच्या वर गेली की लाभाचा काही भाग करपात्र होतो. समजा, बायकोचा पगार ३८,००० आणि नवऱ्याचे लाभ १८,०००. बेरीज ४७,०००, आणि लाभातले ८,५५० करपात्र. ही ३२,००० ची मर्यादा १९८३ च्या कायद्यातली आहे. महागाई एवढी वाढली तरी ती तिथेच आहे, याचा मला फार राग येतो. वेगवेगळी रिटर्न भरून सुटका नाही, कारण एकत्र राहणाऱ्यांना मग मर्यादाच शून्य.

माझ्या मिस्टरांचा अर्ज मंजूर व्हायला खूप वेळ लागला आणि मागची थकबाकी एकदम हातात आली. अशा वेळी एसएसए-१०९९, म्हणजे वर्षभरात मिळालेल्या लाभांचा सरकारकडून येणारा फॉर्म, नीट बघा. कुठल्या वर्षाचे किती पैसे, हे त्यावर छापलेलं असतं. ते पैसे त्या त्या वर्षाच्या उत्पन्नात धरून हिशेब करायची सोय आहे, जुनी रिटर्न बदलावी लागत नाहीत. आमचा कर त्याने बराच उतरला. कर भरून देणाऱ्याला हे स्वतःहून विचारा.