कालव्याकाठची वाट कुणी ‘करून’ दिलेली नाही

“ताई, तुला तिकडे सरकारनं कालव्याकाठी पन्नास किलोमीटर गुळगुळीत रस्ता करून दिलाय, म्हणून तुला हे सुचतं.”

हे माझ्या मामेभावाचं वाक्य. तो पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. विषय मुठा उजव्या कालव्याचा होता. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्यातून न्यायची योजना आहे, आणि ती झाली की शहरातली कालव्याची जागा मोकळी होणार. भावाचं आणि त्याच्या सोसायटीतल्या बहुतेकांचं म्हणणं असं की तिथं सरळ गाड्यांसाठी रस्ता करावा. मी म्हटलं, गाड्यांना देऊ नका, चालायला-पळायला ठेवा, आहेत ती झाडं ठेवा. त्यावर तो हे बोलला. फोन ठेवला, पण ‘करून दिलाय’ हे शब्द काही डोक्यातून जाईनात.

मी दक्षिण फ्रान्समध्ये, एग्विव गावात राहते. कानाल द्यु मिदी या जुन्या कालव्याच्या मोजणीनं तुलूज शहरापासून अठ्ठावीसाव्या किलोमीटरवर. चौदा वर्षं झाली. दर रविवारी नेग्राच्या एक्लूजपर्यंत (एक्लूज म्हणजे बोटी वर-खाली नेणारी पाण्याची दारं) पळत जाते आणि परत येते, दहा-अकरा किलोमीटर होतात. दुसऱ्या दिवशी तीच वाट धरली, पण पाय एकीकडे आणि भांडण दुसरीकडे चाललं होतं. ओताँ वारा सुटला होता. जाताना तो तोंडावर येतो, शेवटी शेवटी पाऊल उचलवत नाही. येताना पाठीवर हात ठेवून ढकलत आणतो. सांग्लिएच्या जोड एक्लूजपाशी एक भाड्याची होडी खालच्या दरवाजात अडकून उभी होती आणि तिच्यातले दोन आजोबा दोर कुणी धरायचा यावरून वाद घालत होते. एक्लूजच्या प्रत्येक घरावर एक पाटी असते: या एक्लूजचं नाव, आणि अलीकडचं-पलीकडचं एक्लूज किती मीटरवर आहे ते. घोड्यांनी बोटी ओढायच्या काळात त्याचा उपयोग होता. आता तो माझ्यासारख्या माणसाला होतो. धाप लागली की मी पुढच्या पाटीवरचा आकडा आठवते.

आणि नेमकं तिथंच मला भावाला काय सांगायला हवं होतं ते सुचलं. माझ्या पळण्यासाठी ही वाट कुणी केलेली नाही. ती घोड्यांची आहे.

चौदाव्या लुईनं १६६६ मध्ये परवानगी दिली आणि प्येर-पॉल रिके या कर वसूल करणाऱ्या माणसानं तुलूजपासून भूमध्य समुद्राकडे हा २४० किलोमीटरचा कालवा खणायला घेतला. एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं राबली, त्यात डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायकाही होत्या. १६८१ मध्ये कालवा उघडला, आणि रिके त्याच्या आदल्याच वर्षी गेला. बोटी ओढायला काठानं घोडे चालायचे, म्हणून काठाची पट्टी कालव्याचाच भाग धरली गेली. नेग्राला टपालबोटीतले प्रवासी दुपारच्या जेवणाला उतरायचे. तिथं खाणावळ, तबेला, छोटं चर्च होतं. घोडे गेले, टपाल गेलं, मालवाहतूकही केव्हाच संपली. पट्टी मात्र कुणाला विकली नाही, कुणाच्या बंगल्यात जाऊ दिली नाही. डांबर तर फार नंतर आलं, सायकलवाल्यांसाठी, तेही पोर-लोरागेपर्यंतच. पुढे मातीची पाऊलवाट आहे, आणि पळायला मला तीच बरी वाटते. गुडघ्यांना विचारा.

नद्यांची गोष्टही तितकीच जुनी. १६६९ च्या राजाज्ञेत नाव चालणाऱ्या नदीच्या एका काठाला २४ फूट आणि दुसऱ्या काठाला १० फूट जागा सोडायला सांगितली होती. आजच्या कायद्यात ७.८० मीटर आणि ३.२५ मीटर असे चमत्कारिक आकडे आहेत, ते त्याच जुन्या फुटांचे मीटर केलेले. शेत तुमचं असो, वाडा तुमच्या आजोबांचा असो, त्या पट्टीत कुंपण घालता येत नाही, झाड लावता येत नाही. वाद होतात, मेरीत, म्हणजे गावच्या पालिकेत, तक्रारी जातात. पण चालणाऱ्याचा हक्क आधी धरला जातो. आपल्याकडे नदीकाठाचा विषय निघाला की सगळ्यांच्या तोंडी निळी पूररेषा, लाल पूररेषा. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा त्या रेषा कागदावर होत्याच. रेषा आखणं आणि पट्टी सोडणं यात फरक आहे, हे मी भावाला कितीदा सांगितलं असेल.

त्याचा दुसरा मुद्दा: “नदीकाठ सुधार प्रकल्पातली झाडं तोडली म्हणून तुम्ही लोक बोंबलता, मग फ्रान्समध्ये तोडत नाहीत?”

तोडतात. हजारोंनी तोडली आहेत. या कालव्याच्या काठी सुमारे ४२ हजार प्लातान होते, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेले. २००६ मध्ये कार्कासोनजवळ त्यांना बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या लाकडी पेट्यांमधून ती बुरशी फ्रान्समध्ये शिरली असं मानतात. लागण झालेलं झाड वाचत नाही, आणि मुळामुळांतून रोग शेजारच्या झाडाला लागतो. तिथल्याच त्रेब गावाच्या बाजूला मी एकदा बुंध्यांची ओळ पाहिली. मधे घेर भरून करडे-तपकिरी डाग पसरले होते, ओल्या भिंतीला पडतात तसे. ओंडके तिथंच जाळत होते, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. आता तिथं तुर्की ओकची रोपं आहेत, काठ्यांना बांधलेली. त्यांची सावली पडायला माझं आयुष्य पुरणार नाही. इथं झाड पडतं ते नाइलाजानं. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाला ‘सुधारायचं’ म्हणून निरोगी झाडं पाडणं आणि हे एका पारड्यात घालू नका. प्लातानची मुळं काठ धरून ठेवतात, सावली पाण्याची वाफ कमी करते. इथल्या अभियंत्यांना झाड हा कालव्याचा अवयव वाटतो.

आणि कालव्यावर रस्ता? तोही विचार इथं होऊन गेलाय. साठच्या दशकात तुलूज शहरात हाच कालवा बुजवून वरून जलदगती रस्ता न्यायचा घाट घातला होता. तो बारगळला. पण शहरात दोन्ही काठांना मोटारींचे मोठे रस्ते आलेच. तिथं मी पळत नाही, धुरानं छाती भरते. ज्यांना वाटतं की काठालगत रस्ता केला तरी कालवा राहतो, त्यांनी एकदा संध्याकाळी साडेपाचला तिथं उभं राहावं.

हे सगळं मी भावाला पुढच्या फोनवर सांगितलं. सांगताना म्हटलं, “आमच्याकडे काठाची पट्टी कुणाला बळकावता येत नाही.” तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “आमच्याकडे म्हणजे कुठे, ताई?”

त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

मुठेचा कालवा मला कुणी शिकवायला नको. बाबा रोज पहाटे त्या काठानं चालायचे आणि सुट्टीत मला न्यायचे. आवर्तन सुटलं की पाणी काठोकाठ, गढूळ, जोरात. बायका गोधड्या धुवायला यायच्या, ओल्या गोधडीचा तो जड वास अजून नाकात आहे. पोरं पुलावरून उड्या मारायची, बाबा ओरडायचे. आवर्तन बंद झालं की तळाशी चपला, नारळ, एखादी मूर्ती. इथं हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालव्याचं पाणी उतरवतात, तेव्हा तळाचा चिखल पाहून मला पहिल्यांदा घरची आठवण आली होती. आयफेल टॉवरपाशी उभी राहूनही आली नव्हती, ती चिखलापाशी आली.

मागच्या डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा बूट मुद्दाम सोबत नेले होते. सकाळी सहाला निघाले. तीनशे मीटर गेले असेन. कचरा पेटवलेला होता, चार कुत्री अंगावर आली, आणि कठड्यावर बसलेली दोन माणसं मी वळेपर्यंत बघत राहिली. मी परत फिरले. घरी सांगितलं, झोप झाली नाही म्हणून लवकर आले. ज्या वाटेसाठी मी सात हजार किलोमीटरवरून भांडते, त्या वाटेवर मला दहा मिनिटंही टिकता आलं नाही. भाऊ मात्र तिथून रोज चालतो. मामीला गुडघ्याचा त्रास आहे, तिचा हात धरून संथ चालतो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलापाशी कालवा फुटला आणि वस्तीत पाणी घुसलं, तेव्हा चिखल काढायला तो गेला होता. मी इथं मोबाइलवर चित्रफिती बघत बसले होते. कालवा धोक्याचा आहे असं तो म्हणतो, तेव्हा त्याला ते हातांनी माहीत आहे. ऑफिसला जाता-येता त्याचे रोज दोन तास सिंहगड रस्त्यावर जातात. त्याला रस्ता हवा आहे यात त्याचं काय चुकलं?

तरी माझं मत बदललेलं नाही. पाणी बोगद्यातून न्या, काठावरच्या वस्तीला रात्रीची झोप मिळू दे. पण ती पट्टी एकदा मोटारींना दिली की परत मिळणार नाही, आणि मामीला हात धरून चालायला दुसरी जागा नाही. मामीसाठी तरी ती राहू दे, असं मी त्याला म्हटलं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

या रविवारी नेग्राहून परतताना एका नवीन जोडप्यानं मला थांबवलं. पाणी कुठल्या बाजूला वाहतं, असं त्यांनी विचारलं. तुलूजकडे, मी लगेच सांगितलं. नॉरूझ या कालव्याच्या सगळ्यात उंच जागेच्या पलीकडे ते भूमध्य समुद्राकडे जातं, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, “तुम्ही इथल्याच का?” मी हो म्हटलं, आणि घरी येईपर्यंत ते हो जड होऊन बसलं.

संध्याकाळी भावाला फोन केला. वाद काढला नाही. एवढंच विचारलं, आवर्तन सुटलंय का?

“लक्ष नाही दिलं गं,” तो म्हणाला. “उद्या आईला घेऊन जाताना बघतो.”