वर्षात पंधराशे तास? मावशी, त्या चेकवर सही होऊ देऊ नकोस

परवा नाइट करून सकाळी सातला मुलुंडला घरी आलो, आंघोळ करून आडवा होणार तेवढ्यात मावशीचा मेसेज. "बाळा, हे बघ रे, ओंकारसाठी चांगलं वाटतंय. काका सोमवारी अंधेरीला जाऊन पैसे भरणारेत." खाली एक फॉरवर्ड. हाच फॉरवर्ड गेल्या महिन्याभरात मला चौथ्यांदा आला, आधीच्या तीन वेळा मी न वाचल्यासारखं केलं, आता घरापर्यंत आलाय म्हणून लिहितोय.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो की दोनशे तास उडवून मिळवलेलं सीपीएल, म्हणजे कमर्शिअल पायलट लायसन्स, हातात असून नोकरी नसेल तर घाबरू नका, छोट्या कार्गो एअरलाइनमध्ये शिरा. तिथे एका वर्षात १५०० तास होतात. प्रवासी नसतात म्हणून नियम सैल असतात. पंचवीस लाख भरले की सीट पक्की आणि ते पगारातून फिटतात. अमेरिकेत सगळे पायलट असेच तयार होतात. लॉगबुकचं आम्ही बघून घेऊ. पंधराशे झाले की थेट कॅप्टन. आणि शेवटी जेआरडी टाटांचा फोटो, कारण त्यांनीही म्हणे कार्गोनेच सुरुवात केली.

ओंकार माझा मावसभाऊ. बावीस वर्षांचा, बारामतीला फ्लाइंग केलं, २०५ तास, सीपीएल हातात घेऊन आठ महिने घरी बसलाय. एज्युकेशन लोन चालू आहे. आणि आता काकांचा बेस्टमधला पीएफ. मी स्वतः गेली पाच वर्षं मालवाहू विमानात फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे, म्हणून ह्यातलं एकेक वाक्य वाचताना डोकं तापत होतं.

आधी ते पंधराशे तास, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं केलंय. मावशी, डिसेंबर २०२५ मध्ये एअरपोर्टवर हजारो लोक अडकले होते ना, तेव्हा टीव्हीवर दिवसभर एफडीटीएल, एफडीटीएल चालू होतं. तेच हे. डीजीसीएचा, म्हणजे आपल्या सरकारी विमान नियामकाचा नियम आहे, पायलटने किती उडवायचं, किती झोपायचं त्याचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की सलग ३६५ दिवसांत जास्तीत जास्त १००० तास. म्हणजे मेसेज जे देतो म्हणतोय ते करायला गेलं तर कंपनीला नियम मोडावा लागेल, आणि तोही थोडाथोडका नाही, दीडपट. मला वाटतं कोणीतरी नियमांमधला दुसरा आकडा उचलला असणार, ३० दिवसांत १२५ तासांच्या वर नाही हा, आणि त्याला बाराने गुणलं. गुणाकार बरोबर आहे, पण वर्षाची मर्यादा वेगळी असते हे ज्याला माहीत नाही तो लोकांना पायलट करायला निघालाय.

बरं, ती हजाराची मर्यादासुद्धा मालवाहू विमानात गाठायला मिळत नाही. माझी साधारण रात्र सांगतो. अकराच्या सुमारास रिपोर्टिंग, सहारला कार्गोच्या बाजूला विमान उभं असतं, कंटेनर आत जात असतात, ट्रॅफिकमुळे माल उशिरा आला की आपण बसून राहायचं. लोड अँड ट्रिम शीट, म्हणजे वजन आणि तोलाचा कागद, आली की तपासायची. मग बेंगळुरू, पावणेदोन तास. तिथे उतरवणं, चढवणं, परत मुंबई. ड्युटी आठ-नऊ तासांची आणि लॉगबुकमध्ये चढतात साडेतीन. कधी स्टँडबाय, कधी विमान मेंटेनन्सला, कधी सिम्युलेटर. माझे पाच वर्षांत २३०० तास झालेत, आणि माझी तक्रार नाही, पण ज्याला पटापट तास हवेत त्याने माल वाहू नये, प्रवासी एअरलाइनमध्ये जावं, तिथे विमान दिवसभर उडत असतं. मेसेज नेमकं उलटं सांगतो.

छोटी कार्गो एअरलाइन ही गोष्ट आपल्याकडे आहे कुठे हाही प्रश्न आहेच. ब्लू डार्ट एव्हिएशनकडे बोइंग ७५७ आणि ७३७, क्विकजेटकडे ७३७-८००, इंडिगोच्या कार्गोकडे ए३२१. हे सगळे मोठे जेट. त्यात बसायला आधी त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान उडवायची वेगळी परवानगी लागते. दोनशे तासांच्या मुलाने एका इंजिनाचं सेसना कॅरॅव्हॅन घेऊन रोज पहाटे पार्सलं टाकून यावीत आणि तास जमवावेत अशी शिडी इथे नाही. ती पायरीच नाही आणि हे पायरीचे पैसे घेतायत.

ती पायरी अमेरिकेत आहे, हे मात्र मान्य करावं लागेल. फेडएक्सची मोठी विमानं मोठ्या शहरात माल आणतात आणि तिथून लहान गावांना कॅरॅव्हॅनसारखी विमानं तो पोहोचवतात. तरुण पायलट ती उडवतात आणि पुढे मोठ्या एअरलाइनमध्ये जातात, हे खरं आहे. पण ती एकट्याने उडवायला, ढगातून, इन्स्ट्रुमेंटवर, तिथला कायदा १२०० तास मागतो. नुसत्या चांगल्या हवामानात, डोळ्यांनी बघून उडवायलासुद्धा ५००. ते बाराशे आणायचे कुठून? तर मुलं आधी इन्स्ट्रक्टर होतात, वर्ष-दोन वर्षं दुसऱ्यांना शिकवतात आणि मग कार्गोत जातात. म्हणजे दोनशे तासांवर कार्गो ही वाट तिथेही नाही.

मग सांगतात उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसवू. कॅरॅव्हॅन एका पायलटचं विमान आहे. नुसता माल असेल तर तिथल्या कायद्याला दुसरा पायलट लागतच नाही, आणि जो लागत नाही त्याने नुसतं बाजूला बसून तास लिहिता येत नाहीत. २०१८ मध्ये तिथल्या विमान नियामकाने, एफएएने, मान्यता घेतलेल्या ट्रेनिंग प्रोग्रामपुरती सूट दिली, तेवढी आहे. पण त्यासाठी त्या कंपनीने तुला नोकरीवर घ्यायला हवं, आणि आपल्या पोरांना तिथे नोकरी करायची परवानगी नसते. फ्लाइंगसाठी बरेच जण ज्या एम-१ व्हिसावर जातात त्यावर शिक्षणानंतर जास्तीत जास्त सहा महिने प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळतं, संपलं. आणि हो, त्या देशातसुद्धा अशा छोट्या मालवाहू कंपनीच्या एकट्या पायलटला कॅलेंडर वर्षात १४०० तासांची मर्यादा आहे. म्हणजे पंधराशे तिथेही बसत नाहीत.

पंधराशे हा आकडा एवढा गाजला कशामुळे तेही एकदा बघा. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, पन्नास माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने २०१० मध्ये कायदा केला आणि एअरलाइनच्या को-पायलटलाही १५०० तास सक्तीचे झाले. आणि त्या विमानातल्या कॅप्टनचे तास होते ३३७९, को-पायलटचे २२४४. दोघांचेही पंधराशेच्या वर. म्हणजे तास कसे झाले, कोणी शिकवलं, किती झोपून आला होतास, हे सगळं त्या आकड्यात दिसत नाही. आपल्या मेसेजवाल्यांना फक्त आकडा विकायचाय.

प्रवासी नाहीत म्हणून नियम सैल, ह्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त चिडलो. अर्धसत्य एवढंच की अमेरिकेने जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे, कडक नियम लागू केले तेव्हा निव्वळ मालवाहू विमानांच्या पायलटांना त्यातून वगळलं. ती सवलत म्हणून मिरवायची गोष्ट आहे का? १४ ऑगस्ट २०१३ ला, म्हणजे त्याच्या काही महिने आधी, यूपीएसचं ए३०० अलाबामातल्या बर्मिंगहॅमला पहाटे पाचच्या आत उतरताना रनवेच्या अलीकडेच आपटलं. विमानात दोघंच होते, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर. दोघंही गेले. तिथे अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीने अप्रोच, म्हणजे उतरण्याची तयारी, चुकल्याचं कारण दिलं आणि दोघांचाही थकवा त्यात नोंदवला. त्याच रात्री कॉकपिट रेकॉर्डरवर ते दोघं ह्याच विषयावर बोलत होते, की प्रवासी विमानाच्या पायलटांना जी विश्रांती मिळणार ती आपल्याला का नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या नाइट नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पहाटे चार-साडेचारला अंगाला काय होतं ते मला माहीत आहे, कॉफीने ते जात नाही. आणि मागे माल असतो म्हणजे निरुपद्रवी काहीतरी असतं असं नाही, ३ सप्टेंबर २०१० ला दुबईला यूपीएसचं ७४७ लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला लागलेल्या आगीत गेलं, त्यातही दोघं. मागे प्रवासी नसले तरी पुढे दोन घरची माणसं असतात. त्यातला एक उद्या ओंकार असेल, मावशी.

आता पंचवीस लाख. इथेही थोडं खरं मिसळलंय, म्हणूनच माणसं फसतात. टाइप रेटिंगचे पैसे आपल्याकडे बऱ्याचदा मुलालाच भरावे लागतात, मीही भरले, बाबांनी गावची जमीन विकून दिले. पण टाइप रेटिंग म्हणजे ठरावीक ट्रेनिंग, सिम्युलेटर, परीक्षा, आणि शेवटी लायसन्सवर शिक्का. तो शिक्का तुझा, उद्या कंपनी बदलली तरी तुझाच. हे लोक ज्याचे पैसे मागतायत ती सीट आहे. म्हणजे काम तू करणार, रात्री तू जागणार, आणि पगार घ्यायच्या ऐवजी देणार. माझ्या बॅचमधला एक मुलगा असाच परदेशात गेला होता, नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. पाचशे तासांचे पैसे घेतले, दीडशे झाल्यावर विमानं उभी राहिली, मग रोस्टरमधून नावच गायब, फोन बंद. परत आला तेव्हा त्याचे ते दीडशे तास आपल्याकडे मान्य करून घ्यायला कागद मिळेना कारण तिकडचं ऑफिसच उठलं होतं. तो आता पायलट नाही. भेटला की एव्हिएशनचा विषय काढू नकोस म्हणतो.

आणि जरा विचार करा, जी कंपनी उजव्या सीटवरच्या माणसाकडून पैसे घेऊन चालते तिला तो मुलगा लवकर शिकावा असं का वाटेल? त्याचे तास संपले की पुढचा पैसेवाला बसवायचा, एवढंच.

लॉगबुकचं आम्ही बघून घेऊ ह्याला एकच उत्तर, तो गुन्हा आहे. आमच्यात ह्याला पार्कर पेनचे तास म्हणतात, उडवलेले नाहीत, पेनाने लिहिलेले. २०११ मध्ये खोट्या मार्कशीट आणि खोट्या फ्लाइंग तासांची प्रकरणं बाहेर आली तेव्हा पायलटांना अटक झाली होती, लायसन्स गेली होती. आता तर तास डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर चढतात. सही ओंकारची असणार, पैसे घेणारा तो माणूस तेव्हा कुठेही नसेल.

थेट कॅप्टनवर जास्त लिहीत नाही. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचं लायसन्स लागतं, त्यात पंधराशेच्या आत कमांडचे (विमानाची जबाबदारी आपल्यावर असतानाचे), क्रॉस कंट्रीचे, रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे तास वेगवेगळे मोजतात, लेखी पेपर वेगळे, आणि ते हातात आल्यावरही कंपनीची स्वतःची अपग्रेडची अट असते. माझे २३०० आहेत आणि मी अजून उजवीकडेच बसतो.

आणि जेआरडी. हो, १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी पस मॉथ या छोट्या विमानात टपाल घालून कराचीहून अहमदाबादमार्गे आपल्या जुहूला आणलं, आपल्या देशातली एअरलाइन टपालाच्या थैल्यांवर सुरू झाली हे खरं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ती त्यांच्या घरचीच कंपनी होती, तास जमवायला कोणाला पैसे भरून बसले नव्हते. त्यांचा फोटो ह्या मेसेजवर लावणं मला सहन होत नाही.

ओंकारशी काल तासभर बोललो. त्याला म्हटलं, इन्स्ट्रक्टर रेटिंग कर, असिस्टंट इन्स्ट्रक्टरपासून सुरू होतं, बारामती, धुळे, गोंदिया, जिथे घेतील तिथे जा. पगार कमी आहे, उन्हात दिवसभर रनवेभोवती सर्किट मारावी लागतात, पण ते तास कमांडचे असतात आणि पैसे तुला मिळतात. ट्रेनिंगला निघायला पैसे लागतील ते ह्या पंचवीस लाखांच्या आसपासही नाहीत. गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मित्र सगळे एअरबसवर गेले, मी सेसनावरच राहू का?" मला ह्याचं उत्तर पटकन देता आलं नाही, कारण सीपीएलनंतर अडीच वर्षं मीही घरी बसलो होतो आणि तेव्हा कोणी असा मेसेज दाखवला असता तर मीही बाबांना घेऊन गेलो असतो.

मावशी, सोमवारी काकांना एकटं पाठवू नकोस. रविवारी माझी नाइट आहे, सकाळी उतरलो की थेट अंधेरीला येतो, साडेदहापर्यंत पोहोचेन. त्या माणसाला तीन गोष्टी विचारायच्यात. विमान कोणत्या कंपनीचं आणि तिचं एअर ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे विमानसेवा चालवायचा परवाना, कुठे आहे. ओंकारला अपॉइंटमेंट लेटर देणार का, पगाराच्या आकड्यासकट. आणि त्याचे तास कोणत्या नियमाखाली लिहिले जाणार, ते कंपनीच्या लेटरहेडवर लिहून देणार का. तोवर चेकबुक घरी ठेवा.